तेरा महिन्यांच्या देशातील धर्मगुरू : फादर पेद्रो पाएझ

१२ सप्टेंबर २००७ रोजी इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा येथे मोठ्या थाटामाटाने दोन हजाराव्या वर्षाचे स्वागत करण्यात आले. उरलेल्या जगात सहस्रक बदलून सात वर्षे उलटली होती. ती बातमी वाचून अनेकांना नवल वाटले, काहींना हसू आले, तर काहींना तो त्या देशाचा मागासलेपणा वाटला. मराठी माणसाला मात्र यात अचंबा वाटण्याचे कारण नाही. आपल्या घरातील भिंतीवर टांगलेल्या एकाच दिनदर्शिकेवर इसवी सन २००७ आणि शालिवाहन शके १९२९ सुखाने शेजारी नांदत होते. त्यातले कोणते खरे आणि कोणते खोटे, असा प्रश्न आपण कधी विचारत नाही.

इथिओपियाची गोष्ट याहूनही विशेष आहे. शकाची गणना वेगळ्या घटनेपासून सुरू होते. इथिओपियाचे वर्ष मात्र आपल्या इसवी सनाप्रमाणे ख्रिस्ताच्या आगमनापासूनच मोजले जाते. प्रभू एकच, घटना एकच, तरीही हिशेब सात-आठ वर्षांनी निराळा. एकाच श्रद्धेची माणसे दोन निराळ्या दिवशी नाताळ साजरा करतात, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे कसे पाहावे? हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका येशूसंघीय धर्मगुरूच्या आयुष्यात उभा राहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच प्रश्नाने एका राज्यात रक्त सांडले. त्या धर्मगुरूचे नाव फादर पेद्रो पाएझ. त्यांच्या प्रवासाची वाट आपल्या गोव्यातून आणि दीवहून गेली होती, म्हणूनही त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी असे आम्हांला वाटते.

दहा दिवस वगळलेले वर्ष

पेद्रो पाएझ यांचा जन्म १५६४ साली स्पेनमध्ये, माद्रिदजवळच्या ओल्मेदा या लहानशा गावी झाला. त्यांचे शिक्षण पोर्तुगालमधील कोईंब्रा येथे झाले आणि १५८२ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला.

ते वर्ष कालगणनेच्या इतिहासात संस्मरणीय ठरले. ज्युलियस सीझरच्या काळापासून चालत आलेल्या दिनदर्शिकेत दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला जाई. पृथ्वीच्या सूर्याभोवतालच्या फेरीच्या मानाने ही वाढ किंचित जास्त होती. शतकानुशतके ही चूक साठत गेली आणि वसंतसंपाताचा दिवस, ज्यावर पुनरुत्थानाच्या सणाचा हिशेब अवलंबून असतो, दहा दिवसांनी मागे सरकला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली सुधारित दिनदर्शिका जाहीर केली. तिच्या रचनेत फादर ख्रिस्तोफर क्लाव्हियस या येशूसंघीय गणितज्ञाचा मोठा वाटा होता. तेही तरुणपणी कोईंब्रा येथेच शिकले होते. स्पेन व पोर्तुगालमध्ये त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख आली. आविलाची संत तेरेजा त्याच रात्री देवाघरी गेली, म्हणून तिचा सण आपण १५ ऑक्टोबरला पाळतो.

तरुण पाएझ अशा प्रकारे कालगणना बदललेल्या युरोपातून बाहेर पडले. साऱ्या युरोपाने मात्र हा बदल मानला नव्हता. पोपमहोदयांनी केलेली सुधारणा म्हणून इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. तारीख बदलणे हे केवळ गणिताचे काम नसते. ते कोण सांगतो आहे, याकडे माणसे आधी पाहतात. पुढील कथा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गोव्यातून गुलामगिरीकडे

१५८८ साली पाएझ गोव्याला आले. त्या काळी इथिओपियातील कॅथलिक मिशन अखेरचे श्वास मोजत होते. १५४१ साली क्रिस्तोव्हाओ दा गामा याच्याबरोबर सुमारे चारशे पोर्तुगीज सैनिक त्या देशाच्या मदतीस गेले होते. त्यांचे वंशज उत्तरेकडील फ्रेमोना या वस्तीत राहत. त्यांच्या सेवेसाठी गेलेले धर्मगुरू वृद्ध झाले होते आणि तांबड्या समुद्रावर तुर्कांचा पहारा असल्यामुळे नवे धर्मगुरू पोहोचत नव्हते.

१५८९ च्या आरंभी फादर अंतोनियो दे मोन्सेरात यांच्याबरोबर पाएझ गोव्याहून निघाले. मोन्सेरात हे पूर्वी अकबर बादशहाच्या दरबारी जाऊन आलेले अनुभवी धर्मगुरू होते. दोघांनी आर्मेनियन व्यापाऱ्यांचा वेष घेतला होता. परंतु अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ ते पकडले गेले. हद्रामौतच्या वाळवंटातून त्यांना चालवत येमेनला नेण्यात आले. साना येथील बंदिवास आणि मोखा बंदरातील गलबतांवर साखळदंडांनी बांधून वल्ही मारण्याची शिक्षा, असे सारे सोसून १५९६ साली खंडणी भरल्यावर त्यांची सुटका झाली आणि ते गोव्याला परतले. या सात वर्षांत पाएझ अरबी भाषा शिकले. पुढे त्यांच्या कामी आलेली पहिली शिदोरी ही अशी बंदिवासात मिळाली.

दरम्यान फ्रेमोना येथील शेवटचा येशूसंघीय धर्मगुरू मरण पावला होता. त्या पोरक्या कळपाकडे १५९८ साली जो मेंढपाळ पोहोचला, तो युरोपीय नव्हता. तो आपल्या गोव्यातील, ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती धर्मगुरू होता : फादर बेल्किओर दा सिल्वा. रंगरूपामुळे त्यांना तुर्कांच्या नजरेतून निसटणे सोपे गेले. पाएझ येईपर्यंत त्या भूमीवरील कॅथलिक समाजाची ज्योत या गोवेकर धर्मगुरूने तेवत ठेवली. मोठ्या चरित्रांच्या छायेत अशी नावे झाकली जातात, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवीत आहोत.

सण पार पडला, तरी उपवास चालूच

पाएझ यांनी दुसरा प्रयत्न दीवहून केला. पुन्हा आर्मेनियन वेष, या वेळी अब्दुल्ला हे नाव, आणि एका तुर्क अधिकाऱ्याशी जोडलेली मैत्री यांच्या बळावर १६०३ च्या मार्च महिन्याच्या उत्तरार्धात ते गलबतात चढले आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मसावा बंदरात उतरले.

त्या वर्षी रोमच्या दिनदर्शिकेनुसार पुनरुत्थानाचा सण ३० मार्चला होता. मसावाला पोहोचेपर्यंत पाएझ यांच्या हिशेबी पास्काचा सण पार पडून जवळजवळ महिना झाला होता. इथिओपियातील ख्रिस्ती जनता मात्र अजून उपवासकाळातच होती. तिचा पास्काचा सण जुन्या गणनेनुसार २४ एप्रिलला, म्हणजे रोमच्या नव्या दिनदर्शिकेनुसार ४ मे रोजी यायचा होता. एकाच वर्षात त्यांनी सण मागे टाकला आणि पुन्हा उपवासाच्या देशात पाऊल ठेवले. परक्या देशात तारीख नुसती वेगळी नसते. तिच्याबरोबर माणसांचे ताट, प्रार्थना आणि शोक-आनंदही वेगळे असतात, याचा हा पहिला धडा होता.

१५ मे १६०३ रोजी पाएझ फ्रेमोना येथे पोहोचले. हे गावाचे नाव चौथ्या शतकातील संत फ्रुमेंतियस यांच्या नावावरून आले आहे. आलेक्झांड्रियाचे संत अथानासियस यांनी त्यांना महागुरुस्वामी म्हणून अभिषेक करून त्या देशी पाठवले होते. तेव्हापासून इथिओपियाच्या ख्रिस्तसभेची नाळ आलेक्झांड्रियाशी जुळली आणि तेथूनच तिची दिनदर्शिकाही आली.

तेरा महिन्यांचा हिशेब

ही दिनदर्शिका समजण्यास सोपी आहे. वर्षाचे तेरा महिने. पहिले बारा प्रत्येकी तीस दिवसांचे; तेरावा, पागुमे, फक्त पाच दिवसांचा. दर चौथ्या वर्षी पागुमेला सहावा दिवस मिळतो. आपल्या पंचांगातील अधिक मास चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालण्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या आसपास येतो. पागुमे मात्र दरवर्षी येतो आणि केवळ उरलेले दिवस गोळा करतो.

वर्षाचा आरंभ मस्करम महिन्याने होतो. तेव्हा पावसाळा सरत असतो आणि डोंगरउतार पिवळ्या फुलांनी भरून जातात. प्रत्येक वर्षाला एका शुभवर्तमानकाराचे नाव असते : मत्तय, मार्क, लूक आणि योहान, याच क्रमाने. लूकच्या वर्षाच्या अखेरीस पागुमेचा सहावा दिवस येतो. महिन्यातील तिथींनाही असेच अर्थ आहेत. दर महिन्याची १२ तारीख मिखाएल महादूताची, २१ तारीख पवित्र मरियेची, २९ तारीख प्रभुजन्माची. निरक्षर शेतकऱ्यालाही आज कोणता दिवस आहे, हे संतांच्या नावावरून कळते.

वर्षांचा फरक दोन मठवासी विद्वानांच्या गणनेतून आला. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेक्झांड्रियाच्या ॲनियानस यांनी जगाच्या निर्मितीपासून साडेपाच हजार वर्षे मोजून प्रभूच्या देहधारणेचा काळ ठरवला. पुढे ५२५ साली रोममध्ये दियोनिसियस यांनी वेगळा हिशेब मांडला, तोच आपला इसवी सन झाला. इथिओपियाने ॲनियानस यांचा हिशेब ठेवला. प्रभूचा जन्म नेमका कोणत्या वर्षी झाला, हे आज दोन्हींपैकी कोणत्याही गणनेवरून सिद्ध होत नाही. तेव्हा एकाने दुसऱ्यास हसण्याचे कारण उरत नाही.

तारीख कशी बदलावी

आपल्या वाचकांपैकी काहींना हा हिशेब स्वतः करून पाहावासा वाटेल. तो असा :

प्रथम वर्ष. १ जानेवारी ते १० सप्टेंबर या काळात इसवी सनातून ८ वजा करावेत. ११ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात ७.

नंतर महिना. सध्याच्या काळात इथिओपियाचे महिने पुढील तारखांना सुरू होतात : मस्करम ११ सप्टेंबर, टिकिम्त ११ ऑक्टोबर, हिदार १० नोव्हेंबर, ताहसास १० डिसेंबर, तिर ९ जानेवारी, येकातित ८ फेब्रुवारी, मेगाबित १० मार्च, मियाझ्या ९ एप्रिल, गिनबोत ९ मे, सेने ८ जून, हामले ८ जुलै, नहासे ७ ऑगस्ट आणि पागुमे ६ सप्टेंबर. महिन्याचा पहिला दिवस धरून पुढे मोजत जावे.

उदाहरण म्हणून आपला स्वातंत्र्यदिन घेऊ. १५ ऑगस्ट १९४७. सप्टेंबरपूर्वीची तारीख, म्हणून १९४७ वजा ८, म्हणजे १९३९. नहासे ७ ऑगस्टला सुरू होतो, म्हणून १५ ऑगस्ट हा नहासेचा नववा दिवस. आपण स्वतंत्र झालो तेव्हा आदिस अबाबात ९ नहासे १९३९ होती.

एक पथ्य पाळावे. आपल्या लीप वर्षाच्या आधीच्या सप्टेंबरात मस्करम एक दिवस उशिरा, १२ सप्टेंबरला सुरू होतो आणि २९ फेब्रुवारी येईपर्यंत वरील सर्व तारखा एकेक दिवस पुढे धराव्यात. वर्षाचा आकडाही त्या सप्टेंबरात एक दिवस उशिरा बदलतो. २००८ हे लीप वर्ष होते, म्हणूनच सहस्रकाचा सोहळा ११ ऐवजी १२ सप्टेंबर २००७ रोजी झाला.

वरील तारखा १९०० ते २१०० या दरम्यानच्या काळासाठी आहेत. जुन्या आणि नव्या दिनदर्शिकांतील अंतर आज तेरा दिवसांचे आहे. पाएझ यांच्या काळी ते दहा दिवसांचे होते. म्हणून त्या काळासाठी महिन्यांचे आरंभ तीन दिवस अलीकडे घ्यावेत. गिनबोत तेव्हा ६ मे रोजी सुरू होई. पाएझ फ्रेमोनाला पोहोचले तो १५ मे १६०३ हा दिवस, त्यांच्या स्वागतास आलेल्या माणसांच्या लेखी १० गिनबोत १५९५, लूकचे वर्ष, असा होता.

ऐकून घेणारा पाहुणा

फ्रेमोना येथे पाएझ यांनी आधी शाळा सुरू केली. ते अम्हारिक आणि गीझ या भाषा शिकले, धर्मशिक्षणाची पुस्तिका अम्हारिक भाषेत आणली. सम्राट झा देंगेल यांनी १६०४ साली त्यांना दरबारी बोलावले, तेव्हा त्यांच्या शाळेतील मुलांनी दिलेली उत्तरे ऐकून दरबार थक्क झाला. सम्राट रोमकडे झुकले आणि त्यांनी घाईने शनिवारचा पवित्र दिवस पाळण्यास मनाई केली. पाएझ यांनी त्यांना सबुरीचा सल्ला दिला होता. तो मानला गेला नाही. त्याच वर्षी बंड झाले आणि सम्राट रणांगणावर मारले गेले.

१६०७ साली सम्राट सुसेन्योस गादीवर आले. त्यांच्याशी पाएझ यांचा खरा स्नेह जुळला. ताना सरोवराकाठी गोर्गोरा येथे पाएझ यांनी सम्राटासाठी दगडी, दुमजली राजवाडा उभारला. त्यासाठी कारागिरांना त्यांनी स्वतः हत्यारे कशी करायची आणि धरायची ते शिकवले. सम्राटाबरोबर ते देशभर हिंडले. २१ एप्रिल १६१८ रोजी साकाला प्रदेशातील निळ्या नाईलचा उगम त्यांनी पाहिला आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. असे करणारे ते पहिले युरोपीय होत. दीडशे वर्षांनी जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने तो मान स्वतःकडे घेण्याची खटपट केली, ती इतिहासाने मान्य केली नाही. मियाझ्या महिना तेव्हा ६ एप्रिलला सुरू होत असल्याने तो दिवस १६ मियाझ्या १६१० होता. दर महिन्याची १६ तारीख त्या देशात पवित्र मरियेच्या करुणेच्या कराराची म्हणून पाळली जाते.

याच काळात पाएझ यांनी इथिओपियाचा इतिहास पोर्तुगीज भाषेत लिहिला. लुईस दे उर्रेता या स्पॅनिश लेखकाने त्या देशात कधीही न जाता त्याविषयी अद्भुत कथा छापल्या होत्या. पाएझ यांनी डोळ्यांनी पाहिलेले आणि देशी ग्रंथांत वाचलेले समोर ठेवून त्या खोडून काढल्या. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत छापला गेला नाही.

पाएझ यांचे चित्र निष्कलंक रंगवण्याचा आमचा हेतू नाही. ते आपल्या काळाचे अपत्य होते. इथिओपियाच्या ख्रिस्तसभेने रोमचे शिक्षण स्वीकारावे, हेच त्यांचे ध्येय होते आणि त्यांच्या हयातीतही सम्राटाच्या धर्मविषयक हुकुमांवरून बंडे पेटली, माणसे मेली. तथापि माणसाचे मन वळण्यास वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होते. अखेर सम्राट सुसेन्योस यांनी त्यांच्याजवळ प्रायश्चित्त संस्कार घेतला. त्यानंतर लवकरच, मे १६२२ मध्ये, तापाने पाएझ यांचे गोर्गोरा येथे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

दिवस बदलले, माणसे बिथरली

पाएझ यांच्यानंतर १६२५ साली गोव्यामार्गे पॅट्रिआर्क आफोन्सो मेंडेस आले. विद्वान, निष्ठावान, परंतु अधीर. १६२६ साली सम्राटाने जाहीरपणे रोमशी निष्ठा वाहिली आणि हुकुमांची रांग लागली. लोकांना पुन्हा स्नानसंस्कार द्यावा, धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा द्यावी, उपासना लॅटिन पद्धतीने चालावी आणि सण व उपवास रोमच्या दिनदर्शिकेनुसार पाळावेत.

सामान्य शेतकऱ्याच्या नजरेतून हे पाहावे. धर्मपंडितांचे वाद त्याला समजत नव्हते. पण ज्या दिवशी त्याच्या आईने उपवास धरला, त्या दिवशी मांस खाण्यास हरकत नाही असे त्याला सांगितले गेले. ज्या दिवशी गाव नाताळ साजरा करी, तो आता साधा दिवस ठरला. त्याच्या पूर्वजांचा बाराशे वर्षांचा ख्रिस्ती धर्म जणू चुकीच्या तारखांवर उभा होता, असा त्याचा अर्थ झाला. प्रांतोप्रांती बंडे उठली. सम्राटाने जुन्या उपासनेस आणि, पास्काचा सण वगळता, जुन्या तारखांना सण पाळण्यास मुभा दिली. पण तोवर उशीर झाला होता. १६३२ साली एका लढाईत हजारो प्रजाजन मारले गेल्यावर खचलेल्या सुसेन्योस यांनी जुना धर्माचार पुन्हा सुरू केला, गादी पुत्र फासिलिदेस यांच्या हाती दिली आणि काही महिन्यांतच ते मरण पावले. येशूसंघीयांना देशाबाहेर काढण्यात आले. मेंडेस गोव्याला परतले आणि १६५६ साली तेथेच वारले. त्या देशाचे दरवाजे कॅथलिक मिशनरींना पुढे सुमारे दोनशे वर्षे बंद राहिले.

ते उघडले संत जुस्तिन दे याकोबिस यांनी. १८३९ साली ते तेथे गेले आणि त्यांनी गीझ भाषेतील उपासनापद्धती आपलीशी केली. १९६४ साली द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने पौर्वात्य ख्रिस्तसभांचा वारसा जपला पाहिजे, असे जाहीरपणे शिकवले. आज इथिओपियातील कॅथलिक ख्रिस्तसभा रोमशी एकरूप आहे आणि आपल्या तेरा महिन्यांच्या दिनदर्शिकेनुसार ताहसासच्या अखेरीस, ७ जानेवारीला, नाताळ साजरा करते. ज्या गोष्टीसाठी सतराव्या शतकात रक्त सांडले, ती करण्याची मुळात गरजच नव्हती.

फादर पाएझ यांची कबर पाहण्यास गोर्गोरा येथे आज कोणी गेले, तर त्याला सरोवराकाठी जुन्या इमारतींचे भग्नावशेष दिसतील. दगड ढासळले, ज्या लोकांच्या भाषेत त्यांनी धर्मशिक्षण दिले, त्यांची दिनदर्शिका मात्र चालू आहे. सुवार्ता घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणाऱ्याने आधी त्याच्या घरातील दिवस विचारावा, त्याच्या उपवासाला उपवास आणि सणाला सण म्हणावे, एवढी शिकवण या चरित्रातून आपण घेतली तरी पुष्कळ आहे. पुढच्या ७ जानेवारीला सकाळच्या प्रार्थनेत इथिओपियातील आपल्या बंधुभगिनींची आठवण करावी. त्या दिवशी त्यांच्या घरी बाळ येशू जन्मलेला असेल.